उलटा पुसलेला क

मे २०००मध्ये दादाचा न्यू जर्सीहून मेल आला. तेव्हा सगळेच लिहायचे तसा रोमन लिपीत. पोरगी चार वर्षांची झाली, मराठी बोलते, पण अक्षरं शिकवायला इथे काही मिळत नाही. तुमच्या त्या सीड्यांपैकी एखादी पाठव.

‘तुमच्या त्या सीड्या’ म्हणजे मी पुण्यात ज्या सात माणसांच्या ऑफिसात होतो, तिथे बनणाऱ्या मल्टिमीडिया सीड्या. कारखान्यांची माहितीपत्रकं, एखाद्या औषध कंपनीचं प्रेझेंटेशन, बटण दाबलं की फिरणारा पंप. सगळं मॅक्रोमीडिया कंपनीच्या डिरेक्टर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. मुळाक्षरांची सीडी आमच्याकडे नव्हती. मी फुशारकीने उत्तर दिलं की सीडी कशाला, वेबवरच टाकतो. ती अक्षरावर क्लिक करेल, अक्षर तिच्यासमोर लिहिलं जाईल आणि आजीच्या आवाजात ऐकू येईल. पंधरा दिवसांत देतो.

साडेचार महिने लागले.

वेब मला अगदीच नवीन नव्हतं. कॉलेजात असताना मित्राकडे व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीचं शेल अकाउंट होतं, त्यावर काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दिसायची आणि चित्राच्या जागी चौकटी कंसात ‘इमेज’ एवढाच शब्द. आम्ही ते चित्र काय असेल यावर वाद घालायचो. पुढे ग्राफिकवालं कनेक्शन आलं तेव्हा मीही सगळ्यांनी केलं ते केलं. फिरणारा जीआयएफ दिवा लावला, पान उघडलं की मिडी फाइल वाजवली, पाण्यात प्रतिबिंब हलवणारं जावा ऍपलेट डकवलं. ते ऍपलेट उतरेपर्यंत पानावर करडा चौकोन दिसायचा आणि बहुतेक पाहुणे चौकोन बघूनच जायचे. त्याला परस्परसंवादी म्हणायचं तर दारावरच्या तोरणालाही म्हणावं लागेल.

खरी अडचण सवयीची होती. सीडीवर साडेसहाशे एमबी जागा. आम्ही पंपाचा आवाजसुद्धा स्टिरिओ ठेवायचो. इकडे वेबसाठी फ्लॅश होतं, मॅक्रोमीडियाचंच हलती चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर. त्यात चाचणी घेताना एक आलेख दिसतो, बँडविड्थ प्रोफायलर. त्यात फोनच्या लाइनवरून नेट आणणारा २८.८चा मॉडेम निवडला की तो सेकंदाला २.३ केबी धरतो. ५६केचा धरला तर ४.७. म्हणजे ज्या सीडीवर मी वाढलो ती त्या नळीतून सोडायची तर तीन दिवस लागले असते, तेही लाइन न तुटता.

फ्लॅशच घ्यायचं हे मात्र पहिल्या दिवशी ठरलं, आणि त्याचं कारण ऍनिमेशन नव्हतं. कारण होतं मराठी. तेव्हा मराठी पान बनवायचं म्हणजे डीटीपीचा फॉन्ट वापरायचा, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागा चोरून देवनागरी तुकडे बसवलेले. ग हवा तर अर्धा ग् आणि काना असे दोन तुकडे जोडायचे. तो फॉन्ट वाचणाऱ्याच्या मशीनवर नसला की त्याला दिसायचे डॉलर, स्वल्पविराम आणि डोक्यावर टोप्या घातलेले फ्रेंच ए. म्हणून प्रत्येक मराठी पानावर वर लिहिलेलं असायचं, आधी फॉन्ट उतरवून घ्या. विंडोज २०००मध्ये युनिकोडची देवनागरी आणि मंगल फॉन्ट नुकता आला होता, पण दादाच्या घरी विंडोज ९८ होतं आणि पुण्यातही बहुतेकांकडे तेच.

फ्लॅशमध्ये अक्षर टाइप करायचं आणि कंट्रोल-बी दाबायचं. ‘ब्रेक अपार्ट’. त्या क्षणी ते अक्षर राहत नाही, आकार होतो. शाईचा एक डाग, कडांचं गणित तेवढं उरतं. मग समोरच्याकडे फॉन्ट असो नसो, न्यू जर्सीत काय आणि नागपुरात काय, क हा क सारखाच दिसणार. ते मराठी आहे हे कॉम्प्युटरला शेवटपर्यंत कळत नाही, शोधायला गेलं तर सापडत नाही, पण डोळ्यांना दिसतं. १९९६ साली फ्यूचरस्प्लॅश नावाने हे सॉफ्टवेअर निघालं आणि त्याच वर्षाच्या शेवटाला मॅक्रोमीडियाने ते घेऊन त्याचं फ्लॅश केलं, तेव्हा या उपयोगाचा विचार कोणी केला असेल असं वाटत नाही. आम्हाला मात्र तोच आधी दिसला.

ऑफिसात फ्लॅश ४ची एकच प्रत होती, एकाच मशीनवर. संध्याकाळी सहानंतर ते मशीन माझं.

आता क लिहिला जाताना दाखवायचा कसा? सोपा वाटणारा मार्ग म्हणजे रेघ वाढत नेणं. पण अक्षर जाड-बारीक आहे, बोरूच्या वळणाचं. रेघ वाढवत नेली की तो क माझा होतो, छापील राहत नाही. सहकाऱ्याने युक्ती सांगितली. पूर्ण क घ्यायचा. एफ-६ दाबून नवीन की-फ्रेम, म्हणजे बदल करता येईल अशी चित्राची पुढची चौकट करायची, आणि खोडरबराने अक्षराच्या शेवटाकडून थोडंसं पुसायचं. पुन्हा एफ-६, पुन्हा थोडं. असं करत पाटी कोरी होईपर्यंत पुसायचं. मग सगळ्या फ्रेम निवडून ‘रिव्हर्स’. पुसलेला क उलटा चालतो आणि लिहिलेला दिसतो.

म्हणजे मला प्रत्येक अक्षर उलटं यायला हवं होतं. आणि तिथेच कळलं की ते सुलटंही नीट येत नाही. क मध्ये आधी दांडी की आधी डावीकडचा गोल? मी वीस वर्षं क लिहीत होतो आणि हाताला विचारल्याशिवाय सांगता येत नव्हतं. घरी आईला विचारलं. आईने प्राथमिक शाळेत २९ वर्षं पहिलीचा वर्ग घेतलेला.

“आधी गोल, मग दांडी, मग उजवा कान, मग डोक्यावर रेघ. रेघ शेवटी. तुला मीच शिकवलं होतं.”

तिने वहीच्या मागच्या पानांवर ४८ अक्षरं बाण आणि आकडे घालून काढून दिली. १२ स्वर, ३६ व्यंजनं. ङ आणि ञ ठेवायचे का यावर थोडी हुज्जत झाली. मी म्हटलं, यांचे शब्द कुठून आणू? ती म्हणाली, शेजाऱ्याकडे कोणी येत नाही म्हणून त्याला चाळीतून काढतोस का. ठेवले.

पुसायला लागलो तर क ने पहिल्याच रात्री दमवलं. गोल जिथे दांडीला चिकटतो तिथे दांडी पुसताना गोलाची कडाही खरवडली जायची. उलट चालवलं की दांडी येण्याआधी गोलाला चावा घेतल्यासारखं दिसायचं. शेवटी लॅसोने अक्षराचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या लेअरवर ठेवला. एक गोल, एक दांडी, एक कान, एक शिरोरेखा. मग क १७ की-फ्रेममध्ये बसला. आईला ऑफिसात आणून दाखवला तर सेकंदाला १२ फ्रेमच्या वेगाने तो दीड सेकंदात झर्रकन लिहून मोकळा. ती म्हणाली, “का रे, क ला कोणी पळवून नेतंय का?” मग प्रत्येक की-फ्रेमनंतर एफ-५ने एक साधी फ्रेम घातली. वेळ दुप्पट झाला आणि फाइल जवळपास तेवढीच राहिली, कारण जिथे काही बदलत नाही तिथे फ्लॅश नव्याने काही साठवत नाही. डिरेक्टरमध्येही तसंच असतं म्हणा, पण तिथे त्याची पर्वा कोणाला होती!

ल पाशी गाडी थांबली. आमच्या फॉन्टमधला ल हिंदी वळणाचा होता. आईने स्क्रीनवर बोट ठेवलं. “हा आपला ल नाही.” मी म्हटलं, समजतं तिला. “समजायला ती अजून शिकलीये कुठे? पहिला बघेल तोच तिचा ल.” यावर उत्तर नव्हतं. फ्लॅश ४मध्ये पेन टूल नाही, ते पुढच्या आवृत्तीत आलं. सरळ रेघा मारायच्या आणि काळ्या बाणाने मधे धरून वाकवायच्या. दोन संध्याकाळी घालवून मराठी ल काढला. हात बसला होता म्हणून लगेच ळ सुद्धा नवीन काढला आणि वेळ वाचवायला ल च्या बटणाची नक्कल करून त्यात ळ चा आकार टाकला. ही नक्कल लक्षात ठेवा.

रेकॉर्डिंग घरी केलं, विंडोजच्या साउंड रेकॉर्डरवर. तो साठ सेकंदांनंतर थांबायचा. मायक्रोफोन साडेतीनशे रुपयांचा, पायजम्याच्या नाडीने टेबल लॅम्पला बांधलेला. पंखा बंद, जून महिना, आई घामाघूम. ती वर्गात बोलायची तसंच बोलली, “क… कमळाचा. ख… खटाऱ्याचा.” मी सुचवलं की गडू, खटारा हे तिकडच्या पोरीला काय कळणार, ग गाडीचा म्हण. आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ग गडूचाच म्हटला. च दोनदा म्हटला. एकदा चहाचा आणि एकदा चमच्याचा. “दोन्ही च वेगळे आहेत. लिहून दाखवता येत नाहीत म्हणून तर ऐकवायचे.” आमचा हा सगळा खटाटोप ज्यासाठी होता ते तिने एका वाक्यात सांगितलं. ज्ञ चंही तेच. दादाच्या शेजारच्या हिंदीभाषक घरातली मुलगी ज्ञ ला ‘ग्य’ म्हणायची, आणि पुतणी ते उचलत होती.

ठ च्या मागे खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी आली. तीन वेळा पुन्हा घेतलं, तिन्ही वेळा आईचा ठ पहिल्यासारखा ठसठशीत आला नाही. शिट्टीवालाच ठेवला.

मूळ आवाज सेकंदाला ४४ केबी खात होता. फ्लॅश ४मध्ये एमपी-३ची सोय नव्यानेच आलेली. १६ केबीपीएस मोनो, म्हणजे सेकंदाला २ केबी. आईचा आवाज जरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला, पण च आणि च मधला फरक टिकला. ती कसोटी लावूनच मी आकडा ठरवला. त्याच्या खाली ८वर दोन्ही च सारखे ऐकू येत होते.

चित्रांनी वेगळाच धडा दिला. कमळाचं चित्र स्कॅन करून ‘ट्रेस बिटमॅप’ केलं, तर फ्लॅशने पाकळीवरच्या प्रत्येक छटेचा वेगळा तुकडा काढला आणि एकटं कमळ ९० केबीचं झालं. मग ते पुसून पाच पाकळ्या हाताने काढल्या. ३ केबी. जास्त सुंदरही दिसलं, पण ते मी माझं म्हणून म्हणत असेन.

ऑगस्टमध्ये सगळं एकत्र केलं. ६१० केबी. प्रोफायलरवर २८.८ लावून ‘शो स्ट्रीमिंग’ दाबलं आणि खुर्चीत रेलून बसलो. जवळजवळ साडेचार मिनिटं पडदा कोरा. चार वर्षांचं मूल साडेचार मिनिटांत स्वयंपाकघरापर्यंत जाऊन, काहीतरी सांडून परत येतं. तेव्हा पुन्हा सगळं फोडलं. पहिल्या फाइलमध्ये फक्त ४८ बटणांची पाटी, ४० केबी. प्रत्येक अक्षराची वेगळी फाइल, बारा-तेरा केबीची. बटण दाबलं की ‘लोड मूव्ही’ने तेवढीच फाइल येणार. पहिल्यांदा १७ सेकंद थांबायचं, मग दर अक्षराला पाच-सहा. त्या १७ सेकंदांत एक लहानशी पेन्सिल पाटीवर रेघोट्या मारते. ते चित्र पहिल्याच फ्रेममध्ये येऊन पडतं आणि बाकीचं उतरलं का हे ‘इफ फ्रेम इज लोडेड’ विचारत राहतं.

एक चूक ऑफिसातल्या कामवाल्या मावशींच्या मुलाने काढली. तो सहा वर्षांचा, आईबरोबर यायचा. त्याला बसवलं तर म्हणाला, ठ दाबला जात नाही. मी दाबला, दाबला गेला. त्याने दाबला, नाही. नीट पाहिलं तेव्हा उमजलं की तो ठ च्या पोटात दाबत होता, मोकळ्या जागेत. फ्लॅशच्या बटणाला चार अवस्था असतात आणि चौथी, ‘हिट’, मी रिकामी सोडलेली. मग दाबण्याची जागा म्हणजे फक्त शाई. माउस ठ च्या कडेवर आला की हात दिसायचा, पोटात गेला की बाण. मोठा माणूस नकळत शाई शोधतो. मूल अक्षराला दाबतं. ४८ बटणांच्या हिटमध्ये ४८ चौकोन घातले. सीडीच्या धंद्यात चार वर्षं काढून ही गोष्ट मला एका पोराने शिकवली, आणि बक्षीस म्हणून त्याने दिवसभर पंपाची सीडी मागून घेतली.

सप्टेंबरात एका फुकट जागा देणाऱ्या साइटवर सगळं चढवलं. ऑफिसात इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उघडलं, झकास. दादाला कळवलं. रात्री त्याचा फोन, आयएसडीचा मीटर त्याच्या बाजूला.

“अरे, नुसता कोड्याचा तुकडा दिसतोय. प्लग-इन घ्या म्हणतोय. घेतलं. तरी तेच.”

त्याच्याकडे नेटस्केप होतं. मी सांगितलं, पान सोड, फाइलचाच पत्ता टाक. थोडा वेळ शांतता.

“वर एफ-डब्ल्यू-एस लिहिलंय आणि खाली पानभर कचरा.”

एफडब्ल्यूएस म्हणजे एसडब्ल्यूएफ, फ्लॅश फाइलच्या नावाचं शेपूट, उलटं. तेव्हाच्या प्रत्येक फ्लॅश फाइलची पहिली तीन अक्षरं तीच असायची. दादाचं ब्राउझर फ्लॅशची फाइल चालवण्याऐवजी वाचून दाखवत होतं. सर्व्हर प्रत्येक फाइलबरोबर ती कसली आहे ते सांगतो, आणि या सर्व्हरला फ्लॅश म्हणजे काय हेच माहीत नसल्यामुळे तो साधा मजकूर म्हणून पाठवत होता. एक्स्प्लोररच्या ‘ऑब्जेक्ट’ टॅगमध्ये फ्लॅश प्लेअरचा लांबलचक ओळख क्रमांकच लिहिलेला असतो, म्हणून त्याला सर्व्हरच्या सांगण्याशी देणंघेणं नव्हतं. नेटस्केपचा ‘एम्बेड’ मात्र सर्व्हरच्या शब्दावर चालायचा. एकाच पानात दोन्ही टॅग एकात एक घालून लिहावे लागत ते याचसाठी, हे पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात सर्व्हरचं नव्हतं.

फुकट जागेवाल्यांना दोन मेल केले, उत्तर नाही. शेवटी एका मित्राच्या पैसे भरलेल्या सर्व्हरवर फोल्डर मिळालं. तिथे सर्व्हरला सूचना देणाऱ्या .एचटीऍक्सेस फाइलमध्ये एक ओळ लिहिली, या शेपटाची फाइल फ्लॅशची समजावी अशा अर्थाची. एक ओळ, आणि अकरा दिवस.

आईला दाखवायला टिळक रोडच्या एका सायबर कॅफेत नेलं, कारण घरी कॉम्प्युटर होता पण फोनची लाइन त्या आठवड्यात मेलेली. प्लायवूडच्या खोक्यात दोघं एका खुर्चीवर. मशीनवर फ्लॅश प्लेअर नव्हता. उतरवायला घेतला तर मालक मागे उभे. “साहेब, डाउनलोड करायचं नाही, व्हायरस येतो.” समजावण्यात पंधरा मिनिटं गेली, तासाचे तीस रुपये चालूच. स्पीकरही नव्हते, त्यांनी स्वतःचा हेडफोन काढून दिला. आईने तो उलटा घातला, क वर क्लिक केलं, क लिहिला गेला. मला काही ऐकू येत नव्हतं, तिचा चेहरा तेवढा दिसत होता. तिने एकेक करत ढ पर्यंत नेलं आणि हेडफोन काढून मालकांना म्हणाली, “ऐका, मी आहे.” त्यांनी ऐकलं, आणि शेवटी पैसे अर्ध्या तासाचेच घेतले.

तिकडून वहिनींचा मेल आला. पोरगी रोज बसते. ठ म्हणते आणि पाठोपाठ तोंडाने शिट्टी वाजवते. तिला वाटतं ठ असाच असतो. आणि खाली एक ओळ: ‘भावजी, ळ दाबला की ल येतो.’

नकलेच्या बटणात कृतीही नकललेली. ळ च्या पोटात ‘लोड मूव्ही, ल’ तसंच. दोन मिनिटांचं काम, त्याच रविवारी दुरुस्त करून चढवलं. पण दादाने पहिल्याच आठवड्यात सगळ्या फाइली स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या होत्या, फोन अडकून राहू नये म्हणून. ती प्रत तशीच राहिली. पुतणी ळ कुठल्या तरी दुसऱ्या वाटेने शिकली.

मित्राचा सर्व्हर पाच-सहा वर्षांत बंद झाला. माझ्याकडची मूळ एफएलए फाइल, जिच्याशिवाय काहीच बदलता येत नाही, ती सीडी-आरवर होती. २०१०च्या सुमारास काढून पाहिली तर चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटलेला. फ्लॅशची मुदत ३१ डिसेंबर २०२०ला संपली आणि १२ जानेवारी २०२१पासून प्लेअरने फाइली उघडायचंच बंद केलं. त्या आठवड्यात दादाने जुन्या डिस्कवरचं फोल्डर पाठवलं. रफल नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, जुन्या फ्लॅश फाइली चालवणारं. त्यात ओढून टाकलं.

४० केबी डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं. १७ सेकंदांसाठी केलेली पेन्सिल दिसलीच नाही. ठ वर शिट्टी वाजली. आई शेजारी बसली होती, आता ८१ वर्षांची, माउस तिच्याच हातात. तिने शेवटच्या ओळीत जाऊन ळ वर क्लिक केलं. पाटीवर ल उमटायला लागला आणि तिचाच आवाज म्हणाला, “ल… लसणाचा.”

आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “अजून नाही का केलंस ते?”